तीनशे तेहतीसचा प्रोसेसर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. गेल्या वर्षी एका काकांनी पुलांच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. या वर्षी मंडळात कोणीच निवृत्त झालं नाही, म्हणून संपादक काकूंनी मला फोन केला. मी पंचवीस वर्षांची आहे. माझी नोकरी अजून चालू आहे. काकू म्हणाल्या, "चालेल गं. पानं भरायची आहेत." माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे हा लेख आईने तपासून दिला आहे. तिने खोडलेली विशेषणं कुठली होती, ते आता मलाही आठवत नाही.

मी एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. एका बाजूला साड्यांचं दुकान आहे, दुसऱ्या बाजूला मिठाईचं. आमच्या नव्या की-बोर्डांनाही तळणाचा वास येतो. दुकान सबनीस काकांचं. ते पूर्वी एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्यांनी दुकान काढलं. आम्ही तयार कॉम्प्युटर विकत नाही. सुटे भाग विकतो, आणि गिऱ्हाइकाला हवं असेल तर जुळवून देतो. जुळवण्याचं काम माझं. बोलण्याचं काकांचं. ही वाटणी दोघांनाही सोयीची होती.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली गणितं करणारी चीज, चौकोनी बिस्किटाएवढी. मदरबोर्ड म्हणजे एक मोठी हिरवी पाटी, तिच्यावर प्रोसेसर आणि बाकीचं सगळं बसतं. सगळ्यांना वीज तीच पोचवते, आणि एकाचा निरोप दुसऱ्याला तीच देते. प्रोसेसर किती वेगाने चालतो ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. दोनशे सहासष्ट, तीनशे, तीनशे तेहतीस, असे आकडे असतात. मदरबोर्डला असा आकडा नसतो. त्याचं सगळं नुकसान तिथेच झालं.

कारण आमची गिऱ्हाइकं दहावीच्या टक्क्यांवर वाढलेली. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, बहुतेक सगळी कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आलेली. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीवर त्यांचे पगार चालू होते. शनिवारी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमली की आधी एकमेकांना विचारायची, "तुझा कितीचा?" समोरचा म्हणायचा, "तीनशे." मग विचारणारा आपला तीनशे तेहतीस सांगायचा आणि वाटी घेऊन श्रीखंडाकडे जायचा. मदरबोर्ड कुठला, हे पॉटलकमध्ये कोणीही कोणाला विचारलेलं मला माहीत नाही. म्हणून बजेट कमी असलं की सगळे बोर्डावर वाचवायचे आणि उरलेलं प्रोसेसरवर लावायचे.

हे उलट करायला हवं. बजेट कमी असेल तर आधी बोर्ड चांगला घ्यावा, आणि प्रोसेसर एक पायरी खालचा. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला मिळणारी वीज थरथरते. ई-मेलला ते कळत नाही, लांबलचक गणिताला कळतं. हे मी पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइकांना सांगून पाहिलं. त्यातल्या निम्म्यांना ते ऐकू गेलं नसावं. उरलेल्यांपैकी पुण्याचे एक कुलकर्णी होते. ते आठ शनिवार वही घेऊन यायचे आणि भाव उतरवून घ्यायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे चांगल्या बोर्डांचा स्टॉक पडून आहे का?" त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं.

प्रज्ञा गजभिये गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका शनिवारी आली. मूळची नागपूरची. पिस्कॅटवेच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिशीच्या आसपासची असेल. तिच्याकडे यादी नव्हती. ती काउंटरशी आली आणि काकांना म्हणाली, "मला फास्ट नको, काका. चुकणार नाही असा पाहिजे."

काका माझ्याकडे बघायला लागले. असं वाक्य त्या दुकानात कोणी बोललं नव्हतं.

तिचं काम तिने दोन मिनिटांत समजावून सांगितलं. तिच्याकडे खेड्यांतल्या लहान मुलांच्या वजनांच्या नोंदी होत्या. मधल्या मधल्या नोंदी गाळलेल्या. कुठे नर्स आली नव्हती, कुठे काटा बिघडला होता. त्या रिकाम्या जागा कशा भरायच्या, याची एक रीत तिने काढली होती. ती रीत खरी की खोटी हे बघायला तेच गणित हजारो वेळा, दर वेळी वेगळ्या सुरुवातीने करावं लागणार होतं. डिपार्टमेंटचा मोठा कॉम्प्युटर सगळ्यांत मिळून एक. तिच्या वाट्याला आठवड्यातून एक सकाळ यायची. तिचे गाईड डिसेंबरमध्ये निवृत्त होऊन ॲरिझोनाला जाणार होते. तिची स्कॉलरशिपही तेव्हाच संपत होती. डिसेंबरच्या आत प्रबंध दिला नाही तर नवा गाईड शोधायचा, नाहीतर परत जायचं.

"आणि नवा गाईड शोधायला पैसा पाहिजे," ती म्हणाली. "म्हणजे परतच जायचं."

मी तिला तीनशेचा प्रोसेसर आणि आमच्याकडचा सगळ्यांत चांगला बोर्ड काढून दिला. तिने बोर्ड हातात घेतला, उलटा करून बघितला आणि मला विचारलं, "हाच का?" मी वीज थरथरण्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मग हाच." तीन वर्षांत मी निवडलेला बोर्ड पहिल्यांदाच कोणीतरी घेतला होता.

काका बिल करायला बसले. बिलावर आडनाव लिहायची त्यांची पद्धत होती.

"आडनाव काय म्हणालीस?"

"गजभिये."

"अच्छा, अच्छा." काका थोडे जास्तच हसले. "वा! पीएच.डी.! फार छान. फार प्रगती आहे हो." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "केतकी, हिला तीनशे तेहतीसचा लाव. तीनशेच्याच भावात. आपल्यातर्फे."

"काका, तीनशे बस आहे मला," प्रज्ञाताई म्हणाली.

"अगं घे गं! आपली मुलगी पुढे जातेय, तेवढं तर आम्ही करूच शकतो."

ती बिलाकडे बघत राहिली. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होते. तो माझ्या हातात होता.

तीनशे तेहतीसचा ट्रे त्याच आठवड्यात एका नव्या होलसेलरकडून आला होता. भाव चांगला मिळाला म्हणून काका खूश होते. मी त्यातला एक प्रोसेसर उचलला आणि ट्यूबलाइटखाली धरला. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, त्याच्यावर कंपनीचं नाव आणि आकडा छापलेला असतो. या झाकणावरची अक्षरं नेहमीपेक्षा पांढरी होती. खाली बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने, भांडं घासल्यावर दिसतात तसे. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा पुसून वरचा छापतात, असं मी मासिकात वाचलं होतं. असा प्रोसेसर चालतो. बरेच दिवस बराच चालतो. त्याला झेपत नाही तेवढ्या वेगाने चालतो, एवढंच.

मला खात्री नव्हती. हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलं आणि ते खरं होतं. पण खात्री करून घेणं अवघड नव्हतं, हेही खरं होतं. त्यासाठी काकांना गिऱ्हाइकासमोर थांबवावं लागलं असतं, आणि काका स्वतःच्या उदारपणाने इतके खूश होते की मिठाईच्या दुकानातून काजूकतली मागवत होते. मी प्रोसेसर बोर्डावर बसवला, त्याच्यावर पांढरी पेस्ट लावली आणि वर पंखा घट्ट केला. पंखा बसला की आकडा दिसत नाही. मी तो जरा लवकरच बसवला.

जुळवलेला प्रत्येक कॉम्प्युटर आम्ही एक दिवस फळीवर चालू ठेवतो. हाही ठेवला. छान चालला.

ऑक्टोबरच्या मध्यावर प्रज्ञाताई परत आली. कॉम्प्युटरचा डबा किराणा आणायच्या दोन चाकांच्या गाडीत होता, ओढणीने बांधलेला.

"बंद पडला का?" काकांनी विचारलं.

"बंद नाही पडला." तिने काउंटरवर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "तेच गणित दोनदा केलं, अगदी त्याच सुरुवातीपासून. उत्तर एकच यायला पाहिजे. दोन येऊन राहिले."

काकांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. "सारखीच तर आहेत."

"चौथ्या दशांशात बघा."

"अगं, चौथा दशांश कोण बघतो?"

"माझे गाईड."

काकांनी चष्मा काढला. "व्हायरस असेल."

"मशीन फोनला जोडलंच नाही कधी."

"मग तुझ्या प्रोग्राममध्ये काहीतरी असणार."

"तोच प्रोग्राम डिपार्टमेंटमध्ये चालवला. तिथे एकच उत्तर येते."

"खोली गरम असेल तुझी."

"रूममेट हीटर लावू देत नाही, काका. मी स्वेटर घालून बसते."

काकांकडचं संपलं. तीन आठवड्यांहून जास्त तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू होता, आणि त्यातली कुठली उत्तरं बरोबर, कुठली चूक, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हतं. तिला सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. काका आणखी एक कारण शोधत होते. सापडलं असतं तर ती गाडी ओढत परत गेली असती आणि त्याच प्रोसेसरवर तेच गणित पुन्हा केलं असतं.

"तो तीनशे तेहतीसचा नाही," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे वळले. मी ते बहुधा बरंच हळू बोलले होते, कारण काका म्हणाले, "काय?" म्हणून ते पुन्हा म्हणावं लागलं. पुन्हा म्हणणं जास्त अवघड होतं.

मी डबा उघडला, पंखा काढला, पेस्ट पुसली. माझ्या पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर होता. कापसाने तो झाकणावर फिरवला तेव्हा पांढरी अक्षरं कापसावर आली. खाली जुन्या आकड्याची सावली होती. दोनशे सहासष्ट.

"तुला कधी कळलं?" प्रज्ञाताईने विचारलं.

उत्तर द्यायला दोन वाटा होत्या. "आता" म्हटलं असतं तर कोणी शोधून काढलं नसतं.

"लावताना शंका आली होती," मी म्हणाले.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती काकांकडे वळली.

"मी तीनशेचा मागितला होता. तीनशेचे पैसे दिले. जास्त कोणी मागितलं होतं तुम्हाला?"

"अगं, मी चांगल्या मनाने..."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर त्या दिवशी गप्प बसली."

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "गणित किती दिवसांचं आहे?"

"सहा आठवडे. माझ्याकडे चार आहेत."

"तुकडे करता येतात का त्याचे?"

"येतात. दर वेळी सुरुवात वेगळी असते. चार-पाच मशीनवर वाटून देता येतील."

काका उठले आणि दुकानाच्या दर्शनी काचेकडे गेले. तिथे तीन नवे कॉम्प्युटर मांडले होते. दिवाळीचा सीझन होता. वर्षातली निम्मी विक्री आमची त्याच दिवसांत होते. त्यांनी तिन्ही कॉम्प्युटरांवरच्या भावाच्या चिठ्ठ्या काढल्या. "हे तीन आणि माझा ऑफिसातला एक," ते म्हणाले. "तुझा पाचवा. खरा तीनशेचा लावून."

प्रज्ञाताईने आभार मानले नाहीत. तिने दोन अटी घातल्या. प्रत्येक कॉम्प्युटरचा पंखा काढून मी प्रोसेसर तिच्यासमोर तपासायचा, आणि प्रत्येकावर आधी एकच गणित दोनदा चालवून बघायचं. मी पाचही उघडले. काचेतले तिन्ही खरे निघाले, दोनशे सहासष्टचेच. काकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा आकडा मात्र कापसावर आला. आठवड्यापूर्वीच त्यांनी त्याच ट्रेमधला प्रोसेसर स्वतःला लावून घेतला होता, आणि तेव्हापासून वेगात फरक जाणवतो असं ते मला रोज सांगत होते. काकांनी त्यातही खरा तीनशेचा लावायला सांगितला. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ट्रे उचलला आणि गाडीच्या डिकीत ठेवून आले.

त्या ट्रेमधले नऊ प्रोसेसर आम्ही आधीच विकले होते. गिऱ्हाइकांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. फोनवर बोलायला मला अजिबात आवडत नाही, म्हणूनच मागितलं. मी सांगायचे की तुमचा प्रोसेसर खरं तर दोनशे सहासष्टचा आहे, घेऊन या, खरा तीनशेचा बदलून देऊ आणि फरकही परत करू. दोघं आले. बाकीच्यांनी आढेवेढे घेतले. एक गृहस्थ म्हणाले, "चालतोय ना? मग राहू दे की." एका काकूंनी सविस्तर चौकशी केली, नवऱ्याशी बोलल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, पण आम्ही सगळ्यांना तीनशे तेहतीस सांगितलंय."

काचेतल्या कॉम्प्युटरांवर काकांनी 'विक्रीसाठी नाही' असा कागद लावला. त्यामुळे लोक तेच मागायला लागले. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरकत असायचे. कुलकर्णी वही घेऊन आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"कितीचा आहे हो हा?"

"दोनशे सहासष्ट," काका म्हणाले.

"मग विकत का नाही?"

"कामावर आहे."

कुलकर्ण्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

प्रज्ञाताई एक दिवसाआड येऊन उत्तरं डिस्कवर उतरवून न्यायची. काकांशी ती नीट बोलायची. काका तिला आता काही जास्त द्यायला जात नसत. चहा विचारत, ती हो म्हणाली तर एक कप देत. एकदा काकांनी तिला विचारलं की गाळलेल्या नोंदी भरायच्या तरी कशाला, आहेत तेवढ्यांवर भागवायचं. ती म्हणाली, "ज्या मुलांचं वजन कोणी घेतलं नाही, तीच जास्त उपाशी असतात, काका. त्यांना सोडलं तर गाव धडधाकट दिसते." त्यानंतर काका रोज दुकान उघडल्यावर आधी ते आकडे सरकताहेत ना, हे बघायला लागले. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. पंखा तपासला का, हो. वीज गेली होती का, नाही. मला तेवढंच योग्य वाटत होतं.

दिवाळी गेली. आम्ही काचेतला एकही कॉम्प्युटर विकला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचा तुकडा संपला. तिने दुकानातच बसून पाच मशीनची उत्तरं एकत्र केली, दोनदा. चौथा दशांश जुळला. तिने तो काकांना बोट ठेवून दाखवला आणि काकांनी चष्मा लावून नीट वाचला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रबंध मान्य झाल्याचा तिचा फोन आला. फोन मी उचलला होता. "काकांना सांगशील," ती म्हणाली. मी सांगितलं.

यात माझ्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. जे तीन सेकंदांत सांगता आलं असतं, ते सांगायला मी एक महिना लावला, आणि तो महिना दुसऱ्या कोणाचा तरी होता.

यंदा जानेवारीच्या अखेरीस बर्फात एक विद्यार्थिनी दुकानात आली. अमरावतीची, नुकतीच आलेली, कोटही कोणाचा तरी उसना असावा. काकांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि एक प्रोसेसर, एक बोर्ड, एक डबा असं सगळं काउंटरवर मांडलं. प्रोसेसर चारशेचा होता, बोर्ड स्वस्तातला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. काकांनी बिलबुक उघडलं. तिने पर्स उघडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"काही शंका आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. मला प्रज्ञाताईंनी पाठवलं." ती जरा ओशाळली. "त्या म्हणाल्या, तिथं मागे एक मुलगी बसते, ती बोलत नाही. ती बोलेपर्यंत पैसे देऊ नको."

काकांनी पेन खाली ठेवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

"बोर्ड बदला," मी म्हणाले. "हा घेऊ नका. आणि प्रोसेसर तीनशे पन्नासचा पुरेल."

या वेळी काकांनी "काय?" विचारलं नाही. त्यांनी बिलाचं पान फाडलं आणि नवीन पान घेतलं.